'घरीच असता ना?' : 'खारेगावचा प्रवासी' यांना उत्तर

वाघबीळकर
गेल्या आठवड्यात 'खारेगावचा प्रवासी' या सदस्यांनी ठाणे-नवी मुंबईकरांच्या या चर्चामंचावर लिहिले की, गृहिणींना ना लोकलची गर्दी, ना साहेबांची बोलणी, वर दुपारी दोन तास पाठ टेकायला मिळते, आणि तरीही हल्ली जी ती 'घुसमट होते' म्हणते, ते निव्वळ रिकामपणाचे दुखणे आहे. त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे उमटवले. मला उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण त्यासाठी सलग अर्धा तास हवा होता आणि तो आज मिळाला, तोही मुलाची शिकवणी लांबली म्हणून.

कामाच्या ढिगाबद्दल मी तक्रार करणार नाही. ढीग सगळ्यांनाच असतो. आमच्या दारामागे, चपलांच्या कपाटावर, सहा हुकांची एक लाकडी पट्टी आहे. एका हुकावर आमची किल्ली, एकावर छत्री आणि उरलेल्या चारांवर मजल्यावरच्या चार घरांच्या किल्ल्या असतात, पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनने फ्लॅटचे क्रमांक लिहिलेल्या. एका घरच्या कामवालीला साडेदहाला दार उघडून द्यायचे आणि ती गेली की बंद करायचे. दुसऱ्या घरी पाण्याच्या फिल्टरवाला आला की तो जाईपर्यंत तिथे उभे राहायचे. तिसऱ्या घरची पार्सले घ्यायची आणि त्यासाठी ऑफिसात बसलेल्या माणसाला ओटीपी विचारायचा, तर तो 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून फोन कापणार. चौथी किल्ली पलीकडच्या आजींची आहे, तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. बाकी तिघांनी किल्ली देताना 'चालेल का?' असे विचारले नव्हते. 'तुम्ही घरीच असता ना' एवढे म्हणून ती हातात ठेवली होती.

माझा वेळ कोणी विकत घेतलेला नाही, म्हणून तो कोणाचाच नाही असे धरले जाते, आणि जे कोणाचेच नाही त्यावर वाटेल त्याने हात टाकावा. नवऱ्याचे बँकेतले काम, सासूबाईंचा डोळ्यांचा डॉक्टर, मुलाची घरी विसरलेली वही, सगळे त्यातूनच निघते. नोकरी करणाऱ्याने 'मला वेळ नाही' म्हटले तर ते लोकांना पटते. मी म्हटले की तो तोरा होतो. आपण म्हणता त्या दुपारच्या दोन तासांत परवा चार वेळा बेल वाजली, आणि त्यांतली एकही आमच्या घरच्या कामाची नव्हती.

खारेगावचा प्रवासी
ती पोस्ट माझी असल्याने उत्तर देणे भाग आहे. बाई, डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत कळव्याला शिरणे म्हणजे काय, हे आपण एकदा अनुभवावे आणि मग हुकांची पट्टी दाखवावी. मी सत्तावीस वर्षे हे करतो आहे. मला कधी 'घुसमट' म्हणायला सवड मिळाली नाही, कारण तिथे ती शब्दशः होत असते. किल्ल्यांचे म्हणाल तर परत करून टाका. आपल्याला कोणी अडवले आहे?

आणि सरसकट सगळ्या नवऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी पद्धत पडली आहे, तिचाही निषेध करतो. मी पत्नीकडे गरम पोळीचा हट्ट आजवर धरलेला नाही. उलट कळव्यातल्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणाव्यात, तेवढाच तिला आराम, असे मीच सुचवले होते. तिनेच नको म्हटले. आता यात माझा दोष कोणता, तो सांगावा.

नौपाडा जुना
मूळ विषयावर मला फारसे बोलायचे नाही, परंतु पोळी-भाजी केंद्राचे नाव निघाले म्हणून लिहितो. त्या केंद्रांतल्या पोळीला पोळी म्हणणे हा पोळीचा अपमान आहे. घडीची पोळी म्हणजे आत तेलाचे बोट फिरवून, पिठी भुरभुरून, घडी घालून लाटलेली, तव्यावर फुगून पदर सुटणारी. केंद्रात मिळतो तो मैदामिश्रित रुमाल, जो तासाभराने पापड होतो. आमच्या मातुःश्री अकरा माणसांच्या पोळ्या एकटीने करीत आणि त्यांच्या तोंडून 'घुसमट' हा शब्द आम्ही कधी ऐकला नाही. घरातल्या हाताची चव गेली की घर हॉटेल होते.

नेरूळ सेक्टर
नौपाड्याचे काका, मातुःश्रींच्या तोंडून शब्द ऐकला नाही, कारण तुम्ही त्यांना विचारले नव्हते. मी नेरूळहून बेलापूरला नोकरीला जाते आणि अकरा वर्षे पोळ्या विकत आणते. घर हॉटेल झालेले नाही; हॉटेलात निदान ताटे दुसरा कोणी घासतो. मैदामिश्रित म्हणालात, तर आमच्या पोळ्यांच्या बाई माझ्यासमोर पीठ मळतात, गहू मी दळून देते. एक साधा प्रश्न विचारते आणि त्याचे सरळ उत्तर द्यावे: आपण स्वतः शेवटची पोळी केव्हा लाटलीत?

नौपाडा जुना
प्रश्न उद्धट आहे. मला सत्तर वर्षे झाली असून माझ्या मनगटाला संधिवात आहे.

नेरूळ सेक्टर
संधिवात सत्तरीला आला. त्याआधीची वर्षे मोजून सांगावीत.

नौपाडा जुना
आपल्या पिढीला मोठ्यांशी बोलायची रीत कोणी शिकवली नाही, एवढेच म्हणतो. आणि तांत्रिक मुद्दा म्हणून नोंदवतो की, पिठात मोहन किती घालावे हे मला आपल्यापेक्षा अधिक कळते, मी ते आयुष्यभर पाहिले आहे.

ऐरोलीकर
पाहिले आहे, हेच ते.
मी स्वतः गृहिणी आहे आणि या धाग्यातल्या दोन्ही बाजूंवर रागावले आहे. खारेगावच्या साहेबांना मी रिकामी वाटते आणि वाघबीळच्या ताईंना मी बिचारी वाटते. एका खाजगी कंपनीतले लेखा विभागातले काम मी मुलगी झाल्यावर विचारपूर्वक सोडले. मला कोणी सोडायला लावले नाही. मला दुपार आवडते. मी ऐरोलीच्या खाडीकडे चालायला जाते, हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की उभी राहून बघते, आणि त्याबद्दल मला कोणाची माफी मागायची नाही. प्रत्येक गृहिणीच्या मागे दुःख चिकटवण्याची ही हौस पुरे झाली.

मात्र प्रवासी साहेब, आपल्या पत्नीने विकतच्या पोळ्या का नाकारल्या, हे मी सांगू शकते, कारण मीही नाकारल्या होत्या. आम्ही दिवसभर जे करतो त्यातले काहीच संध्याकाळी दिसत नाही. पुसलेली फरशी पुन्हा मळते, भांडी पुन्हा पडतात, निवडलेली मेथी पोटात जाते. ताटातली पोळी तेवढी दिसते. ती विकत आणली की घरातले एक तरी माणूस मनात म्हणणार, मग ही करते काय? आमच्याकडे ते मनात राहिले नाही, सासऱ्यांनी जेवता जेवता मोठ्याने म्हटले. तेव्हापासून पोळ्या मीच करते. आपण आराम द्यायला निघालात, पण तिला ते हातातली पावती काढून घेतल्यासारखे वाटले असणार.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवून थोडे आकडे मांडतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. आणि मुळात त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष २६.१ टक्के, तर स्त्रिया ८१.२ टक्के होत्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात-भरपाईच्या निकालात हे सर्वेक्षण आधाराला घेऊन गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न (पगार नसला तरी भरपाईच्या हिशेबासाठी धरायचे उत्पन्न) धरलेच पाहिजे असे म्हटले. त्याआधी २००१ साली याच न्यायालयातल्या लता वाधवा या भरपाईच्या प्रकरणात गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३००० रुपये धरले गेले होते. २०१० साली याच न्यायालयाने, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत 'काम न करणारे' म्हणून बसवल्याबद्दल नाराजी नोंदवली होती. तेव्हा 'रिकामपण' हा शब्द टिकत नाही.

खारेगावचा प्रवासी
सरासरीत माझे घर बसत नाही. माझ्या घरी भाजी मी आणतो, दर रविवारी.

नेरूळ सेक्टर
आणून ओट्यावर ठेवता की निवडताही?
आणि आकडेमोड, तुम्ही दिलेले निकाल मी वाचले आहेत. ते सगळे बाई अपघातात गेल्यावरचे आहेत. मोल ठरण्यासाठी तिने आधी मरावे, ही अट कायद्याला कशी सुचली, ते कळत नाही.

कोपरीची आजी
मला हे टाइप करायला नातीने मदत केली आहे, चुका तिच्या समजाव्यात.
पोळीवरून भांडू नका. मी चाळीस वर्षे शेवटची पोळी खाल्ली आहे. शेवटची पोळी उरलेल्या गोळ्याची असते, लहान आणि जाड. सगळ्यांना वाढून होईपर्यंत आमटी गार झालेली असते, आणि ती पुन्हा गरम करायला गॅस कशाला जाळा, असे आपणच ठरवून टाकतो. कोणी मला तसे खायला सांगितले नव्हते. म्हणून दोष कोणाचा, हे मला अजून सांगता येत नाही.

आम्ही कोपरीत चाळीत राहत होतो तेव्हा कामे आजच्यापेक्षा जास्त होती, पाणी पहाटे भरायचे, गहू पाखडायचे. पण तांदळाचे ताट घेऊन गॅलरीत बसले की पाच जणी यायच्या. नवऱ्याचा राग, सासूचा जाच, सगळे तिथे तांदळाबरोबर निवडून व्हायचे आणि संध्याकाळी घरात ते शिल्लक नसायचे. आता मी मुलाकडे घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहते. मशीन आहे, मिक्सर आहे, लिफ्ट आहे. सून दिवसभर माझ्याशी आणि मोबाइलशी बोलते. वाघबीळच्या मुलीला लोक किल्ल्या द्यायला येतात, बसायला कोणी येत नाही. मला तिचे तेवढे दुखणे कळले.

मानपाडा टॉवर
आजी घोडबंदरला राहतात म्हणून विचारतो, त्यांच्याकडे टँकरचे किती घेतात? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की नळ सोडायची वेळ दुपारची ठरते आणि ती वेळ सांभाळायला सोसायटीचा सचिव फोन करतो तोही घरातल्या बायकांनाच. पाण्याबद्दल कोणी स्वतंत्र धागा काढील काय?

नौपाडा जुना
पाण्याचा विषय येथे नको.

नेरूळ सेक्टर
पोळीचा चालला, पाण्याचा नको!

कळवा दवाखाना
गेली बावीस वर्षे कळव्यात सामान्य रुग्ण तपासतो. 'मन लागत नाही' अशी तक्रार घेऊन गृहिणी माझ्याकडे येत नाही. ती डोके दुखते म्हणून येते, हातापायांना मुंग्या येतात म्हणून येते, छातीत धडधडते म्हणून येते, आणि बहुतेक वेळा मुलाला तपासायला आणलेले असताना दारातून वळून विचारते, 'डॉक्टर, जाता जाता माझंही बघता का?' अशा वेळी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासावे; २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. अहवाल नीट असूनही दोन-दोन आठवडे झोप नाही, रडू येते, आवडीचे काही करावेसे वाटत नाही, असे असेल तर ते दुखणे खरे आहे आणि त्यावर उपचार आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो. प्रवासी साहेबांनी वापरलेला 'रिकामपणाचे दुखणे' हा शब्द मी नवऱ्यांच्या तोंडून तपासणीच्या खोलीत ऐकतो, म्हणून एवढे लिहिले.

वाघबीळकर
डॉक्टर, क्रमांक उतरवून घेतला आहे. फोन करायचा तर घरात कोणी नसताना करावा लागतो, आणि घरात कोणी नसताना बेल वाजते. तरी उतरवला आहे. ऐरोलीच्या ताई, तुम्हाला बिचारी म्हणायचा माझा हेतू नव्हता. माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघत असेल तर तो मागे घेते. तुमची दुपार तुमची आहे. मला तेवढीच हवी आहे.

खारेगावचा प्रवासी
हा संपूर्ण धागा काल रात्री पत्नीला वाचून दाखवला. डॉक्टरांचे येईपर्यंत ती काही बोलली नाही. नंतर एवढेच म्हणाली की, पोळ्यांच्या बाबतीत तुम्ही खोटे लिहिले आहे. तिच्या म्हणण्यानुसार मी हट्ट धरत नाही, परंतु गार पोळी ताटात आली की अर्धी ठेवून उठतो, आणि हे तिने तारखांसह सांगितले. तेव्हा माझ्या आधीच्या विधानात तेवढी दुरुस्ती करतो. 'रिकामपण' हा शब्द मागे घेतो. लोकलबद्दलचे एक अक्षरही मागे घेत नाही. समस्त भगिनीवर्गाचे समाधान झाले असेल तर आता मला माझ्या गाडीत लोंबकळू द्यावे.

नेरूळ सेक्टर
साहेब, लोंबकळू नका. ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये मीही उभीच असते. मेथीची जुडी मात्र या रविवारी निवडून बघा.

वाघबीळकर
प्रवासी साहेबांचा एक सल्ला मी ऐकला. शनिवारी तीन किल्ल्या परत केल्या. एका घरी 'अहो, पण मग आमच्या बाईला दार कोण उघडणार?' असे विचारले गेले आणि उत्तरासाठी माझ्याकडेच बघितले गेले. दुसऱ्या घरचे आता लिफ्टमध्ये मोबाइल काढतात. तिसऱ्यांनी काही न बोलता घेतली आणि आत जाऊन वाटीभर रव्याचे लाडू आणून दिले, त्याचा अर्थ मला लागलेला नाही.

आजींची किल्ली हुकावरच आहे. त्या पडल्या तर कोणी तरी आत शिरू शकले पाहिजे. त्यांना कंटाळा आला की त्या आधी इंटरकॉमवर विचारतात, 'मोकळी आहेस का गं?' आज दुपारी त्यांनी विचारले तेव्हा मी पहिल्यांदाच 'नाही' म्हटले. खरे तर मी नुसतीच पडले होते. 'बरं, मग चारला ये, आलं घालून चहा ठेवते,' म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.