लाल काचेवरची पांढरी चमक

टेबलावरच्या निळ्या बाटलीचा आणि लाल काचेच्या पेल्याचा फोटो तुम्ही टाकलाय. त्यात बाटलीच्या पायाशी जो फिकट पट्टा आहे, त्याला वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी सावली म्हटलंय. मला ते टेबलातलं प्रतिबिंब वाटतं. झूम करून बघा, लेबलवरची अक्षरं त्यात उलटी दिसतात. सावलीत लेबलचा नुसता काळा ठोकळा आला असता.

पणजीत फोंतेन्यासमधल्या एका जुन्या घरात मी याच घोळात अख्खी सकाळ घालवली होती. खिडकीला लाल-निळ्या काचा, खाली घोटून गुळगुळीत केलेली जमीन. जमिनीवर रंग दोनदा दिसत होता: एक उन्हाने टाकलेला चौकोन, दुसरी खिडकीचीच छबी. दोन पावलं डावीकडे सरकलो तर छबी माझ्याबरोबर सरकली, चौकोन जागचा हलला नाही. तो हलला ऊन कलल्यावर. (तोवर घरच्या काकींनी दोनदा चहा विचारला.)

पोलरायझर (लेन्सवर लावायचा, ठरावीक दिशेत कंप पावणाराच उजेड आत सोडणारा फिल्टर) असेल तर फिरवून बघा. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांत तिरकं पाहिलं की प्रतिबिंब जवळजवळ पुसलं जातं, सावली तशीच राहते. अगदी समोरून मात्र तो फिरवून काही होत नाही.

आणि तो लाल पेल्यावरचा पांढरा ठिपका फोटोशॉपमध्ये लाल करू नका हो! काचेच्या वरच्या पृष्ठभागावरची चमक दिव्याचा रंग घेते, काचेचा नाही. लाली येते ती काचेतून आरपार आलेल्या उजेडाला.