खोल समुद्रातलं प्रवाळ: अंदाजावर मासेमारी बंद करणं बरोबर आहे का?

बर्गनची_मुक्ता
नॉर्वेत यायच्या आधी प्रवाळ म्हटलं की मला लक्षद्वीप आठवायचं, ऊन आणि निळं पाणी. इथे आल्यावर कळलं की 300-400 मीटर खाली, सूर्यकिरण पोचतच नाही अशा थंडगार अंधारात पण प्रवाळ वाढतं, लोफेलिया नावाचं, पांढरं नाहीतर फिकट नारिंगी, आणि वाढ किती तर वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटीमीटर. 2002 मध्ये इथल्या रोस्ट बेटाजवळ सापडलेलं प्रवाळ 35 किलोमीटरच्या वर लांब आहे. असल्या प्रवाळावरून ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणारी बोट, गेला तर काय होतं त्याचे व्हिडिओ पाहिलेत मी. एका बाजूला झुडपासारख्या फांद्या, त्यात लाल मासे निवांत बसलेले, आणि कॅमेरा जरा पुढे सरकला की नुसता चुरा, मधून जाळं उघडं ठेवणाऱ्या जड फळ्यांनी ओढलेले चर. पोटात कालवलं अक्षरशः. 90च्या दशकाच्या शेवटी इथल्या शास्त्रज्ञांनी अंदाज काढला तेव्हा 30 ते 50 टक्के प्रवाळाला आधीच धक्का लागलेला होता.

युरोपियन युनियनने 2016 मध्ये 800 मीटरखाली ट्रॉलिंग बंद केलं आणि 2022 मध्ये 400 ते 800 मीटरच्या पट्ट्यातल्या 87 जागा, 16,419 चौरस किलोमीटर, तळाला लागणाऱ्या सगळ्या मासेमारीला बंद केल्या. काही ठिकाणी प्रवाळ प्रत्यक्ष सापडलंय, काही ठिकाणी ते असण्याची शक्यता जास्त आहे म्हणून. माझं मत स्पष्ट आहे, हे बरोबरच केलं. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी_मालवण
ताई, कळकळ पोचली, पण मी रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, घरातला आहे त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. तुम्हीच लिहिलंय "सगळी मासेमारी". म्हणजे ट्रॉलर पण बंद आणि लाँगलाइनवाला पण बंद, जो एका लांब दोरीला गळ लावून सोडतो. स्पेनच्या गॅलिशियातले लोक ह्याच्याचसाठी कोर्टात गेले होते ना? तळ नांगरणारा आणि गळ टाकणारा एकाच मापाने मोजायचे हा कुठला न्याय? आणि "असण्याची शक्यता" म्हणजे काय? ऑफिसात बसून नकाशावर रेघ मारायला काय जातं, चूल ज्याची विझायची त्याची विझते. आधी कॅमेरा सोडा, बघा, आहे तर बंद करा, मी स्वतः पाठिंबा देईन. न बघता नको.

बर्गनची_मुक्ता
दादा, युरोपियन युनियनच्या कोर्टाने जून 2025 मध्ये स्पेनचं म्हणणं फेटाळलं. पण गळवाल्यांबद्दल तुमचं मला पटतं, नुकसान सारखं नसतं हे खरंच आहे. मात्र "आधी बघा मग बंद करा" हे नाही पटत. बघेपर्यंत ट्रॉलर थांबणार आहे का? न्यूझीलंडजवळच्या समुद्रातल्या डोंगरांवर ट्रॉलिंग थांबवून 15 वर्षं झाली तरी प्रवाळ परत आल्याची फारशी खूण दिसली नव्हती. बंद केलेली जागा चुकली असेल तर उद्या उघडता येते, मोडलेलं प्रवाळ आपल्या नातवंडांच्या हयातीत पण परत येत नाही.

कोकणकडा८१
मधे पडतो. बघायची एक पद्धत आधीपासून आहे आणि तीच मला सगळ्यात तकलादू वाटते. ईशान्य अटलांटिकच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात नियम असा की एका ओढीत 30 किलोपेक्षा जास्त जिवंत प्रवाळ आलं तर ट्रॉलरने तिथून दोन सागरी मैल लांब जायचं. अहो पण ते ठिसूळ, मोडतं आणि बरंचसं जाळ्याच्या आसातून, म्हणजे भोकांतून, तिथेच तळाला गळून पडतं, 30 किलो वर यायला खाली किती मोडलं असेल विचार करा. म्हणजे खून झाल्यावर पंचनामा. त्यापेक्षा अंदाजावर बंद केलेलं परवडलं.
 

दर्यावर्दी_मालवण
30 किलोचं मला माहीत नव्हतं, तो नियम खरंच वाईट आहे. पण मग जे तिथे रोज जातात त्यांना का नाही विचारत? आमच्या बाबांच्या जाळ्यात कधीकधी काळी, तारेसारखी फांदी अडकून यायची, झाडाच्या डहाळीसारखी, सोडवताना जाळ्याचे आस फाटायचे. बाबांना ती जागा पाठ, किनाऱ्यावरचं कुठलं देऊळ कुठल्या डोंगराशी जुळलं की किती वाव पाणी. अंदाज नको नि काय नको.

बर्गनची_मुक्ता
अहो नॉर्वेत नेमकं हेच झालं! ट्रॉलर प्रवाळ मोडतायत आणि आमचे मासे गेले ही ओरड आधी इथल्या गळवाल्या आणि जाळीवाल्या मच्छीमारांनीच केली, शास्त्रज्ञ मागून गेले, आणि 1999 मध्ये इथलं सुला नावाच्या जागेचं प्रवाळ ट्रॉलिंगला बंद झालं. बाबांना नक्की विचारा, लिहून ठेवा ती ठिकाणं.

दर्यावर्दी_मालवण
विचारलं आत्ताच. म्हणाले, "सांगतंय, पण उद्या थय आमकाच येवक बंदी केल्यानी तर?" आधी कोणीतरी लिहून द्या की गळवाल्याला ती जागा उघडी राहील. मग बाबाच नाही, अख्खा वाडा बसून नकाशा काढून देईल.