सोशल एंटरप्राइज म्हणजे नेमकं काय, आमचा गट कशात बसतो?

घणसोलीची_शिवणवाली: नमस्कार मंडळी, आम्ही घणसोलीत १२ बायका जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतो, सुरुवात बचत गटातून झाली आणि आता ऑर्डरी वाढल्यात तर रजिस्ट्रेशन करावं लागणारे. कोणी म्हणतं ट्रस्ट काढा, कोणी सेक्शन ८ म्हणजे ना-नफा कंपनी, कोणी सहकारी संस्था, आणि सगळे त्याला सोशल एंटरप्राइजच म्हणतात. परवा एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी (कंपनीचा समाजकामाचा पैसा बघणाऱ्यांनी) विचारलं तुमचा टाइप कोणता, मला काहीच सांगता आलं नाही, फार वाईट वाटलं.

नौपाडा_ठाणे: ताई, सोशल एंटरप्राइज म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालवलेला धंदा. कागद नंतर. आधी बघा मालक कोण आणि उरलेला पैसा कुठे जातो. लिज्जत १९५९ ला गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, तिथे पापड लाटणारी बहीणच मालकीण, नफा त्यांच्यातच वाटला जातो. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ ला ११ खाटांवर सुरू झालं, तिथे पेशंट मालक नाही, पण पैसे भरणाऱ्यांच्या फीवर गरिबांची ऑपरेशनं फुकट होतात. तिसरा प्रकार म्हणजे धंदा वेगळा आणि काम वेगळं, समजा एखादी संस्था दिवाळीचा फराळ विकून त्यातून मुलांची अभ्यासिका चालवते. तुमचा एका पिशवीचा हिशोब टाका ना.

घणसोलीची_शिवणवाली: पिशवी ४५ ला जाते. शिवणारीला १८, दोरा, बंद, रिक्षा मिळून ९, उरलेले १८ डब्यात जातात आणि गणपतीच्या आधी सगळ्या वाटून घेतो.

बेलापूर_सेक्टर८: मग सेक्शन ८ अजिबात नको! त्यात मजुरी घेता येते पण नफा वाटता येत नाही. आमच्याकडच्या एका गटाने कोणाचं तरी ऐकून तीच काढली आणि दिवाळीला वाटे करायची वेळ आली तेव्हा कळलं, दोघी तिथेच रडल्या हो.

नौपाडा_ठाणे: बरोबर. ताई, तुम्ही लिज्जतच्या जातकुळीतल्या, सहकारी संस्था किंवा प्रोड्युसर कंपनी (माल बनवणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी) बघा. फक्त एक, सीएसआरची देणगी ट्रस्ट, सोसायटी (सहकारी नव्हे), सेक्शन ८ अशांनाच मिळते, म्हणून त्या सीएसआरवाल्यांकडे देणगी मागू नका, पिशव्यांची ऑर्डर मागा. आणि सहकारी संस्थेला किमान १० जण लागतात, तेही वेगवेगळ्या कुटुंबातले.

घणसोलीची_शिवणवाली: आमच्यात एक सासू-सून आहेत, म्हणजे ११ घरं झाली. जमतंय की! उद्या दुपारी मशीन बंद करून सगळ्यांना वाचून दाखवते.