गॅलॅक्सियन घरच्या टीव्हीवर संथ आणि बुटका का दिसतो?

रामबागचा_नेमबाज

सर्वांना नमस्कार. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना मला माझा शाळेच्या दिवसांतला व्हिडिओ गेम सापडला. नव्वदच्या दशकात वडिलांनी तो जेल रोडवरून आणला होता. निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या जपानी यंत्राची ती नक्कल आहे आणि आश्चर्य म्हणजे ती अजून चालते. सोबतच्या अनेक खेळांच्या कॅसेटमध्ये गॅलॅक्सियन हा अंतराळातल्या शत्रूंवर गोळ्या झाडायचा खेळ आहे. हाच खेळ मी त्याआधी राजवाड्याजवळच्या एका पार्लरमध्ये उभ्या यंत्रावर खेळलो होतो आणि शाळा सुटल्यावर खिशातली नाणी संपेपर्यंत तिथून हलत नसे, त्यामुळे त्याची लय माझ्या हातात अजून आहे.

परंतु घरच्या टीव्हीवर तो मला निराळाच वाटतो. शत्रूंचा ताफा डावी-उजवीकडे सरकतो तो काहीसा आळसावल्यासारखा, झेप घेणारे शत्रूही पार्लरइतके अंगावर येत नाहीत, आणि सगळी चित्रे आडवी फुगून बुटकी झालेली दिसतात. कधी कधी तीन-चार शत्रू एकदम खाली आले की त्यांतला एखादा क्षणभर दिसेनासाच होतो. यंत्र जुने होऊन बिघडले आहे, की टीव्हीसाठी केलेली आवृत्तीच मुळात अशी आहे? आणि पार्लरमध्ये आम्ही ज्या ८०० गुणांच्या मागे असायचो, ते नेमके कशाने मिळतात, हेही कोणी सविस्तर सांगितले तर फार बरे होईल.

सर्किटवाला

आपले यंत्र बिघडलेले नाही. आपण सांगितलेल्या तक्रारींची कारणे मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

संथपणाचे कारण वीजपुरवठा किंवा म्हातारपण नसून टीव्हीची पद्धत आहे. फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला तेव्हा तो तिथल्या, सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवणाऱ्या टीव्हीसाठी बनवला होता. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवते आणि आपल्या बाजारात आलेल्या नकला त्याच हिशोबाने जुळवलेल्या होत्या. त्या काळचे बहुतेक खेळ दर चित्रामागे एक पाऊल पुढे सरकतात. चित्रे कमी झाली की पावलेही कमी होतात. म्हणजे जपानी यंत्रावर ज्या हालचालींना ५० सेकंद लागतील त्यांनाच आपल्या यंत्रावर ६० सेकंद लागतात. सुरुवातीची धून लक्ष देऊन ऐका: तिचा सूर जवळजवळ तोच राहतो, पण लय संथ झालेली असते, कारण सूर प्रोसेसरच्या घड्याळावर ठरतो आणि ते दोन्हीकडे जवळपास सारखेच चालते. बिघाड असता तर सूरही घसरला असता.

आता दिसेनासे होणाऱ्या शत्रूंबद्दल, आणि हा भाग मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटतो. फॅमिकॉमचा चित्रे काढणारा भाग पडद्यावर एकूण ६४ सुटी चित्रे, म्हणजे स्प्राइट, हलवू शकतो, पण एका आडव्या रेषेवर फक्त आठच. प्रत्येक स्प्राइट आठ ठिपके रुंद असतो. शत्रू त्याहून रुंद असल्याने प्रत्येकाला शेजारी शेजारी दोन तुकडे लागतात, म्हणजे एका उंचीवर चार शत्रू आले की हिशोब संपला आणि पाचव्याला जागा नाही. झेप घेणारे शत्रू एका ओळीत आले की आपल्याला जे दिसते ते हेच.

मग दहा-दहा शत्रूंच्या रांगा असलेला ४६ जणांचा ताफा हे यंत्र दाखवते तरी कसा? स्प्राइट वापरून ते शक्यच नाही. एका रांगेलाच वीस तुकडे लागतील. म्हणून रांगेत उभा असलेला शत्रू हा पार्श्वभूमीचा, जणू भिंतीवरच्या फरशीचा भाग असतो आणि ती भिंतच डावी-उजवीकडे सरकते. झेप घेण्याच्या क्षणी त्याची फरशी पुसली जाते आणि त्याच जागी स्प्राइट सुटतो. नामको या जपानी कंपनीच्या १९७९ सालच्या मूळ पार्लर-यंत्रातही हीच युक्ती होती: तिथेही ताफा पार्श्वभूमीत होता आणि झेपावणाऱ्यांसाठी स्प्राइट होते, तेही एका वेळी अवघे आठ. त्यामुळे १९८४ साली नामकोने फॅमिकॉमसाठी आपला पहिला खेळ म्हणून गॅलॅक्सियन आणला, तेव्हा मूळ रचना बरीचशी तशीच उतरवता आली असावी असे मला वाटते. ती आवृत्ती एकूण १६ किलोबाइटची आहे, आठ प्रोग्रामच्या सूचनांसाठी आणि आठ चित्रांसाठी. काँट्रा या दुसऱ्या खेळाच्या अमेरिकी आवृत्तीच्या १२८ किलोबाइटच्या जागेत असे आठ खेळ मावतात, आणि कॅसेटमध्ये जादा चिपही लागत नाही. आपल्याकडच्या बहुखेळी कॅसेटमध्ये हा खेळ का सापडायचा, याचे उत्तर त्यात आले.

छावणीकर

सर्किटवाला यांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. पार्लरमधले गॅलॅक्सियन हे उभ्या पडद्यासाठी रचलेले होते, २२४ ठिपके रुंद आणि २५६ उंच. घरचा पडदा आडवा, २५६ रुंद आणि २४० उंच, आणि त्यातल्याही वरच्या-खालच्या काही रेषा जुन्या टीव्हीच्या चौकटीआड जात. ठिपक्यांच्या संख्येत हा फरक किरकोळ दिसतो, पण पार्लरमध्ये शत्रू उंचावरून, वळणे घेत, डोळ्यांसमोरून खाली उतरत असे, आणि त्या उतरणीतच खेळाची सगळी भीती होती. आडव्या पडद्यावर ती उतरण डोळ्यांना तोकडी वाटते. म्हणून टीव्हीची आवृत्ती कितीही निगुतीने केलेली असली तरी मी तिला त्या खेळाची धाकटी बहीणच मानतो.

८०० गुणांचा नियम असा. पार्लरच्या आवृत्तीत निळ्या शत्रूला रांगेत ३० व झेपेत ६०, जांभळ्याला ४० व ८०, लाल शत्रूला ५० व १०० गुण आहेत. सर्वांत वरच्या दोन सरदारांना रांगेतच मारले तर अवघे ६० मिळतात. सरदार एकटा झेपावला तर १५०, एका लाल रक्षकासह आला तर २००, आणि दोन रक्षकांसह आला असता आधी दोघांनाही टिपून मग त्याला मारले तरच ८००. दोन रक्षक असताना एखादाही उरला तर ३०० वर समाधान मानावे लागते. यासाठी सुरुवातीला लाल शत्रूंना हात न लावणे हाच खरा संयम आहे. सवयीने समोर दिसेल त्याला मारणारा खेळाडू रक्षकच संपवून बसतो आणि मग सरदार एकटा येतो. झेपावणारा सरदार मेला की उरलेला ताफा काही क्षण बिचकून झेपा थांबवतो; तेवढ्यात कडेचे निळे टिपून घ्यावेत. आणि दुसऱ्या सर्वांना मारल्यावर जो सरदार निसटून जातो, तो पुढच्या फेरीत नव्या ताफ्यात सामील होतो, हेही ध्यानात ठेवावे.

सर्किटवाला

छावणीकर, उतरणीबद्दल आपले म्हणणे मान्य, पण एका गोष्टीत तोकडा पडदा खेळाडूच्या बाजूने उभा राहतो. या खेळात पडद्यावर एका वेळी आपली एकच गोळी असते. नेम चुकला तर ती वरच्या कडेपार जाईपर्यंत आपण निःशस्त्र. गोळीचा वेग तोच धरला, तर पडदा जितका कमी उंच तितकी पुढची गोळी लवकर हाती येते. दोन रक्षक आणि सरदार अशा तीन नेमांच्या डावात हा फायदा लहान नाही.

सराफ्याचा_खवय्या

एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही: टीव्ही नवा आहे का? नव्या टीव्हीचे गुणोत्तर सोळा-नऊ असते आणि तो चार-तीनचे चित्र ताणून भरतो. आधीच आडवे केलेले चित्र आणखी ताणले गेल्यावर शत्रू फुगणारच. चित्राच्या सेटिंगमध्ये चार-तीन निवडा, आणि सोबत गेम मोडही चालू करा, कारण चित्र गुळगुळीत करण्याच्या खटपटीत असे टीव्ही ते उशिरा दाखवतात आणि बटण दाबल्यावर गोळी मागाहून सुटल्यासारखी वाटते. शिवाय हे जुने सिग्नल नव्या टीव्हीला नीट ओळखता येत नाहीत. तो दोन चित्रे एकत्र मिसळतो, आणि एकाआड एक चित्रात लुकलुकणारा शत्रू मग लुकलुकण्याऐवजी पूर्णच नाहीसा होऊ शकतो. घरात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर हे सगळे प्रश्न एकदम मिटतील.

रामबागचा_नेमबाज

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टीव्ही नवाच होता. चार-तीन आणि गेम मोड केल्यावर शत्रू पुष्कळसे अंगासरशी झाले आणि गोळीही वेळेवर सुटू लागली. धून ऐकली: सूर ओळखीचा, चाल संथ, अगदी सांगितल्याप्रमाणे. भाच्याकडे नामको म्युझियम आर्काइव्ह्ज या जुन्या खेळांच्या संग्रहाचा पहिला भाग आहे, त्यात फॅमिकॉमचीच आवृत्ती आहे. ती शेजारी लावून पाहिली तेव्हा ताफा झपझप सरकताना दिसला आणि पार्लरची लय हाताला लगेच सापडली. मामांकडे लोकमान्य नगरात एक पिक्चर ट्यूबचा टीव्ही झाकून ठेवलेला आहे. रविवारी तो आणून त्यावर आमचे यंत्र जोडतो आणि लाल शत्रूंना हात न लावता सरदाराची वाट पाहतो.