‘स्वाझी म्हणजे छोटे झुलूच’ म्हणणाऱ्यांना

रानवाट:
काल इथे एकाने लिहिलं, "स्वाझी म्हणजे छोटे झुलूच. भाषा झुलूची बोली, आणि संस्कृती म्हणजे राजा दरवर्षी पोरी नाचवून बायको निवडतो." वाचून डोकं फिरलं. मी स्वाझींच्या देशात, एस्वातिनीतल्या (आधीचं स्वाझीलंड, दक्षिण आफ्रिकेला लागून) मांझिनी शहरात चार वर्षं काढली. जाताना पुस्तकातून झुलू, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतली भाषा, शिकून गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात टपरीवर 'अमान्झी' मागितलं. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, पण हातातून सोडेनात. 'एमान्ती' म्हणवून घेतलं, मग सोडली. माणूस झुलूत 'उमुन्तू', स्वाझींच्या सिस्वाती भाषेत 'उमुन्त्फू'. १९६८ ला स्वातंत्र्य मिळेपर्यंत शाळेत स्वाझी पोरांना झुलूच शिकवत. त्या बाईंचा हट्ट तिथून आलाय.

दगडफूल:
झुलू आणि स्वाझी दुभाष्याशिवाय गप्पा मारतात. एवढ्या फरकाला भाषा म्हणायचं तर आमच्या वऱ्हाडीलाही म्हणा.

रानवाट:
बोलणारे म्हणत असतील तर खुशाल म्हणा! दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत सिस्वाती झुलूच्या बरोबरीने राजभाषा आहे. आणि पोरींच्या नाचाचा तो सोहळा, उम्हलांगा: पोरी देवनळ (बोरूसारखं उंच गवत) कापून आणतात ते राजमातेच्या वाड्याचं कुंपण शाकारायला. बायको दरवर्षी निवडतात ही थाप आहे.

सायली_पी:
दरवर्षी नसेल, पण निवडल्यात ना? २००१ मध्ये म्स्वाती राजाने कुमारिकांवर पाच वर्षांच्या ब्रह्मचर्याची सक्ती केली. मग स्वतःच सतरा वर्षांच्या मुलीला राणी करायला घेतलं आणि दंड भरला एक गाय. एक गाय! मला मुलगी आहे. मला कुंपणाचं कौतुक सांगू नका.

अप्पा_कराडकर:
राजाला शिव्या घालणं सोपं आहे. १९०७ च्या वाटणीत इंग्रजांनी स्वाझींना त्यांच्याच देशातली जेमतेम एक तृतीयांश जमीन ठेवली. म्स्वातीच्या वडिलांनी, सोभुझा राजांनी, लोकांकडून पैसा उभा करून ती विकत घेत घेत परत मिळवली. धरणात आमची जमीन गेली, तेव्हा आमच्यामागे कोण उभं राहिलं? असा राजा लोक डोक्यावर घेणारच.

दगडफूल:
त्याच सोभुझांनी १९७३ मध्ये राज्यघटना गुंडाळली, पक्षांवर बंदी घातली. धरणाचं दुःख खरं आहे अप्पा, पण ते इथे कशाला?

अप्पा_कराडकर:
ज्याची गेली नाही त्याने विचारू नये.

सायली_पी:
अप्पा, तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कांग्वाने हा आपल्या हद्दीतला स्वाझींचाच प्रदेश या राजवटीला देऊ केला, तेव्हा तिथल्या स्वाझींनीच कडाडून विरोध केला आणि बेत बारगळला. माझी एक सहकारी त्या भागातली. लग्नात खांद्यावर गाठ मारून लाल लिहिया (स्वाझींचं पारंपरिक वस्त्र) नेसते, आईशी फोनवर सिस्वातीतच बोलते. सीमेपलीकडे राहायला जाशील का, विचारलं तर म्हणाली, "भाषा माझी आहे. राजा माझा नाही."

दगडफूल:
ठीक आहे. 'बोली'ची बाजू घेतली ती मागे घेतो. राजाबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

रानवाट:
राजाबद्दल मागे घ्या असं मी म्हटलंच नव्हतं. पण सायलीताई, कुंपण शाकारणाऱ्या त्या पोरींत माझ्या घरमालकिणीची नात होती. परतली तेव्हा देवनळाच्या पात्यांनी दोन्ही तळवे चिरलेले, आणि ते ती सगळ्यांना अभिमानाने दाखवत होती. तिलाही मोजा.