हरणाच्या शिकारीसाठी तांब्याची गोळी की शिशाची? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर मिनेसोटात राहतो. नोव्हेंबरात परवाना काढून मी आणि नवरा हरणाच्या शिकारीला जातो. एक हरीण मिळालं की हिवाळाभर खिमा, सुकं, रस्सा सगळं त्यातच भागतं. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच राहावी असं मलाही वाटतं. इथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच परवाने देतं. कृपया तो वाद या धाग्यावर नको.)

माझी रायफल ३०८ विंचेस्टर. गोळी नेहमीची, १५० ग्रेन वजनाची (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं एकक), आत शिसं आणि वर तांब्याचं कवच. ही हाडावर बसली की फुटते आणि शिशाचे कण मांसात विखुरतात. ते इतके बारीक असतात की दाताखालीही येत नाहीत, एक्स-रे काढला तरच दिसतात. इथल्या वन्यजीव खात्याने २००८ मध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा जखमेपासून फूटभर लांबसुद्धा कण सापडले होते. म्हणजे जखमेभोवतीचं मांस काढून टाकूनही खात्री नाही. घरात चार वर्षांची मुलगी आहे, आणि लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानत नाहीत.

शिवाय गरुड. हरणाची आतडी आपण रानातच टाकतो, ती खाऊन बाल्ड ईगलना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडं अशीच मरत होती. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. मेलेल्या गुरांतल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने आपली गिधाडं संपत आली, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे तांब्याची गोळी घ्यायचं माझं जवळजवळ ठरलंय. नवऱ्याला मात्र धास्ती आहे की तांब्याची गोळी नीट उमलली नाही तर आरपार जाईल आणि जखमी हरीण तडफडत लांब पळेल. ही धास्ती मला खरी वाटते. तांब्याच्या गोळीच्या टोकाला पाकळ्या फुटतात, तुकडे सहसा पडत नाहीत, पण पाकळ्या फुटायला वेग लागतो. आमचं रान दाट आहे, नेम शंभर यार्डांच्या आतच धरावा लागतो, तेव्हा वेग पुरावा असा माझा अंदाज.

तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. मग १५० च घ्यावी की १३० वर यावं? नेम खांद्यामागे फुप्फुसावर धरावा, की खांद्याच्या हाडावरच? तांब्याची काडतुसं बरीच महाग पडतात. सरावाला शिशाची वापरून शेवटी तांब्यावर नेम जुळवला तर चालेल का, की आधी नळी घासून स्वच्छ करावी लागते?

आणि गेल्या सीझनचा खिमा अजून फ्रीझरमध्ये आहे. मुलीला तो देणं मी थांबवलंय. आम्ही दोघांनी खाल्ला तर चालेल, की टाकूनच द्यावा?