सर्च चाचणीत झकास, लोकांच्या हातात बोंब. मदत हवी आहे (तातडीने)

शोधयात्री: मराठी कागदपत्रांवर एम्बेडिंगवाला सर्च (मजकुराच्या अर्थाचे आकडे करून जुळवणारा) बसवलाय. आमच्या चाचणीत मस्त चालतो. लोकांना दिला की समोर असलेला कागदही सापडत नाही. मॉडेल बदलू का? सोमवारी दाखवायचंय, लवकर सांगा.

बिटबहाद्दर: मॉडेल कुठलं? कागद टाईप केलेले की स्कॅन? सर्चसाठी कागदाचे तुकडे केवढे पाडलेत? चाचणीचे प्रश्न कुणी लिहिले?

शोधयात्री: मल्टिलिंग्वल ई-५, अनेक भाषांचं एम्बेडिंग मॉडेल. एक पान एक तुकडा. प्रश्न आम्हीच काढले, कागद वाचून. त्याचा काय संबंध?

बिटबहाद्दर: तोच तर संबंध. कागद समोर ठेवून काढलेल्या प्रश्नात कागदातलेच शब्द येतात. लोक दोन शब्द टाकतात, तेही ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावून. लॉगमधले (लोकांनी खरंच टाकलेले) प्रश्न चाचणीला घ्या. शिवाय ई-५ ला प्रश्नाआधी 'क्वेरी:' आणि कागदाच्या तुकड्याआधी 'पॅसेज:' हे उपसर्ग लागतात (इंग्रजी लिपीत), आणि ५१२ टोकनांपुढचं (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) ते वाचत नाही. भरगच्च पानाचं शेपूट गेलंच समजा.

जुनाखोंड: व्हेक्टरच्या (म्हणजे त्या एम्बेडिंगच्या आकड्यांच्या) नादी लागूच नका. बीएम२५ (शब्द जुळवून गुण देणारी जुनी पद्धत) लावा नि मोकळे व्हा. शोधपद्धतींच्या २०२१ च्या 'बीर' चाचणीत अनोळखी विषयांवर त्यानं भल्याभल्या डेन्स (एम्बेडिंगवाल्या) मॉडेलांना पाणी पाजलंय.

मेघदूत_७: २०२१, काका! आणि 'नियम' शोधल्यावर तुमचं बीएम२५ 'नियमानुसार' आणतं का? दोन्ही चालवा, क्रम आरआरएफनं (दोन्ही याद्यांतल्या क्रमांकांवरून एकत्र गुण देणारं सूत्र) जोडा, त्यातला के हा स्थिरांक ६० ठेवा.

जुनाखोंड: प्रत्यय छाटा की. तीस ओळींचं काम.

मेघदूत_७: छाटा. 'मुलाला'चं 'मुला' होईल, 'मूल' नाही.



अक्षरवेडी: नॉर्मलायझेशनचं (एकच शब्द एकाच रूपात आणण्याचं) कुणी विचारलंच नाही! 'दुसऱ्या' दोन प्रकारे टाईप होतं: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला सारखं, पण एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप) करूनही एक होत नाही. जॉइनर नुसता उडवलात तर 'दुसर्या' उरतं, म्हणून आधी ते ऱ कडे वळवा. इंडेक्स (शोधासाठी केलेली यादी) आणि प्रश्न, दोन्हीकडे हीच सफाई हवी.

शोधयात्री: हे केलं. 'दुसऱ्या हप्त्याची तारीख' आता पहिल्या पाचात येतंय. पण जुन्या कागदांत ओसीआरनं (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं) 'ध'चा 'घ' करून ठेवलाय, 'भ'चा 'म'. 'निधी' शोधलं तर काहीच नाही.

बिटबहाद्दर: म्हणजे स्कॅन आहेत! अहो, विचारलं होतं ना? मग मॉडेल बदलून काही होणार नाही. त्या कागदांसाठी अक्षरांच्या ट्रायग्रामचा (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा) वेगळा इंडेक्स करा, एखादं अक्षर बिघडलं तरी लांब शब्द बाकीच्या तुकड्यांवर सापडतो. 'निधी'सारख्या छोट्या शब्दात फारसे तुकडेच नसतात, तिथे ध-घ, भ-म जोड्या अदलून-बदलून शोधा.

जुनाखोंड: आणि त्या ट्रायग्रामना गुण कशानं देणार? बीएम२५ नंच ना?